दिव्याखाली काय ठेवणार?

मंडळी, आज रस्ते नाहीत, नगरपरिषद नाही, पाणीपट्टीही नाही. आज एका काचेच्या टाकीवर कुठला दिवा लावावा यावर लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. गेले चार महिने मी या एका दिव्याच्या मागे फिरतोय आणि फिरता फिरता गोष्ट माझ्याच घरातल्या शोकेसपर्यंत येऊन पोचली आहे.

सुरुवात भाच्यापासून. बहिणीचा मुलगा, वय २३. पुण्यात इंजिनीअरिंग केलं, दीड वर्ष नोकरी केली, मग कंपनीने माणसं कमी केली त्यात हा मालवणला परत आला. पहिले तीन महिने खोलीतून बाहेर येईना. बहिणीचा रोज फोन, "दादा, तू जरा बोल त्याच्याशी." मी बोललो. 'धीर धर, काहीतरी कर' असलं जे मामा लोक बोलतात ते सगळं बोललो. उपयोग शून्य. मग एक दिवस तोच म्हणाला, "मामा, मला घरात समुद्राची टाकी करायची आहे. प्रवाळाची."

पोरगं तीन महिन्यांनी काहीतरी मागतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? टाकी, पंप, फिल्टर त्याच्या साठवलेल्या पैशातून. मी छाती पुढे काढून म्हटलं, "दिवा माझ्याकडून." मला वाटलं, दिवा म्हणजे असून असून किती? हजार-दीड हजार. भाच्याने मोबाईल पुढे केला. चांगल्या दिव्यांच्या किमती वीस हजारांपासून सुरू. माझा टीव्ही त्यापेक्षा स्वस्त आहे.

आता पत्रकार माणूस पैसे देण्याआधी चौकशी करणारच. ती चौकशी आधी सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न, प्रवाळाला दिवा लागतोच कशाला? तो प्राणी आहे ना? आहे. पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूकडून येते. उजेड कमी पडला तर घरमालक उपाशी. उजेड किंवा उष्णता फार झाली तर प्रवाळ त्या शैवालाला अंगाबाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. वर्तमानपत्रात आपण 'प्रवाळ विरंजन' असा जड शब्द छापतो ते हेच. म्हणजे टाकीवरचा दिवा हा शोभेचा नसून चुलीसारखा आहे.

दुसरा प्रश्न, किती उजेड? डिप्लोमाला आमचे एक सर होते. ते म्हणायचे, आकडा दिसला की विचारा, कोणी मोजला आणि कशाने मोजला. ते इथे कामी आलं. खोक्यावर लुमेन लिहिलेले असतात. लुमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी आहेत. आपला डोळा हिरवट-पिवळा उजेड जास्त टिपतो, निळा कमी. प्रवाळातल्या शैवालाला मात्र निळा उजेड लागतो. त्यामुळे मोबाईलवरच्या लक्स ॲपने निळा दिवा मोजला तर आकडा उगाच कमी येतो. खरं माप 'पार' म्हणून ओळखलं जातं. एका चौरस मीटरवर सेकंदाला शैवालाच्या कामाचे किती प्रकाशकण पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास जातो. टाकीत मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो, मोठ्या तोंडाच्या कठीण प्रवाळांना साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त, आणि फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५०. म्हणजे एकाच टाकीत 'सगळं थोडं थोडं' ठेवायचं म्हटलं की तिथेच गणित फसतं. एकाला जो उजेड पोटभर, तो दुसऱ्याला भाजणारा.

तिसरा, रंग. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो. स्वच्छ खोल समुद्रात निळा सर्वात लांब पोचतो. म्हणून टाकीचे दिवे निळसर असतात. घरातल्या मंडळींना ते डोळ्याला बोचतात. बहीण पहिल्या रात्री म्हणाली, "हे काय, बारमध्ये बसल्यासारखं वाटतंय." त्यावर उपाय असा की निळा जास्त आणि पांढरा थोडा, दोन्हींची बटणं वेगळी असलेला दिवा घ्यायचा.

चौथा, दिव्याचा प्रकार. जुन्या काळचे मेटल हॅलाइड दिवे उजेड झकास देत, पण पाणी तापवत. कोकणातल्या मे महिन्यात टाकीवर अडीचशे वॉटची शेगडी टांगणं म्हणजे प्रवाळाचं सार करणं. टी-५ नळ्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत, पण नळ्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात आणि आमच्या गावात त्या मिळत नाहीत. राहिला एलईडी. वीज कमी, उष्णता पाण्यात न जाता वरच्या पंख्यातून बाहेर, उजेड कमीजास्त करता येतो. तोटा असा की उजेड एका बिंदूतून येतो, त्यामुळे दगडाच्या आडोशाला काळोख राहतो आणि बरोबर खाली चटका बसतो. म्हणून तो पाण्यापासून वीस-तीस सेंटिमीटर वर टांगायचा. आणि आमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे त्याच्या पंख्याला आणि सर्किटला खारा वारा लागणार हे धरून चालायचं. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने मीठ झाडायचं.

भाच्याने आधी ऑनलाईन एक स्वस्त दिवा मागवला होता. खोक्यावर १६५ वॉट. इंजिनीअर माणूस, त्याने प्लगमध्ये मीटर लावून मोजलं. ९८. तेव्हा तो चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. म्हणाला, "मामा, तुमच्या निवडणुकीतल्या आश्वासनांसारखं आहे."

बिलाचा हिशेबही करून टाकू. ९० वॉटचा दिवा रोज ९ तास म्हणजे ०.८१ युनिट, महिन्याला साधारण २४. हे काही फार नाही. पण पंप चोवीस तास चालतात. ४० वॉट धरले तरी महिन्याला २९ युनिट. म्हणजे झगमगणारा दिवा बिलात मागे आणि कोपऱ्यात गुरगुरणारा पंप पुढे. त्यात उन्हाळ्यात पाणी २६-२७ अंशांवर ठेवायला चिलर लावलात तर मग विचारूच नका.

आणि आपल्याकडे 'लाईट' म्हणजे दिवा नव्हे, वीज. ती जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा किती दिवस अंधारात होतो हे तुम्हाला सांगायला नको. प्रवाळ एक-दोन दिवस काळोख सोसतं. ढगाळ पावसाळ्यात समुद्रातही सोसतंच. पण पाणी हलायचं थांबलं तर टाकीतला प्राणवायू काही तासांत संपतो. म्हणून दिव्यावर पंचवीस हजार घालण्याआधी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या, आणि टाकीच्या लाईनला गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवा. खारं पाणी आणि ओला हात, चेष्टेचा विषय नाही. वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून खाली पडतं, प्लगमध्ये जात नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं. चांगला दिवा हप्त्यावर घ्यायचं ठरलं. नवीन दिवा पहिल्या दिवसापासून पूर्ण लावायचा नाही, निम्म्या उजेडाने सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवायचा, हेही भाच्याने वहीत लिहून ठेवलं. टाकी दीड महिना फिरवून पाणी स्थिर झालं. पोरगं सकाळी सहाला उठून पाण्याची खारटी मोजू लागलं. बहिणीचा फोन आता वेगळ्या कारणाने येऊ लागला, "दादा, तो जेवतोय नीट."

मग प्रश्न आला, प्रवाळ आणायचं कुठून?

आमचा एक होडीवाला दोस्त आहे, पर्यटकांना घेऊन समुद्रात जातो. त्याच्या कानावर गेलं. नाक्यावर भेटला आणि म्हणाला, "पुण्याक कित्याक जातास? सुकतीक माझ्याबरोबर ये. व्हयां तेवढां पोवळां काढून देतंय."

भाच्याचे डोळे चमकले. आणि माझ्या पोटात गोळा आला.

मंडळी, दोन वर्षांपूर्वी मीच बातमी केली होती. पर्यटकांच्या होड्यांचे नांगर प्रवाळावर पडतात, माणसं त्यावर उभी राहून फोटो काढतात, म्हणून. त्यात कायदाही मीच छापला होता. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखेही आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत पोवळ्याचा तुकडा आणि वाघ एकाच रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. शिवाय आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीची प्रवाळं आली, तेव्हा सरकारी प्रकल्प असूनसुद्धा वन विभागाची परवानगी काढून २०२० मध्ये ती शास्त्रज्ञांकडून हलवावी लागली. आणि मी काय, छिन्नी घेऊन सुकतीला जाऊ?

मी भाच्याला नाही म्हटलं. तो म्हणाला, "मामा, सगळे नेतात. मी निदान जगवणार आहे."

हे उत्तर सोपं नाही. तो खरंच जगवायचा प्रयत्न करणार होता. मी त्याला एवढंच सांगितलं की गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. नारळाएवढं व्हायला दहा वर्षं लागतात. आपल्या दिव्याचा हप्ता बारा महिन्यांचा. एक रात्र वीज गेली तर दहा वर्षं गेली.

तो काही बोलला नाही. उठला आणि माझ्या शोकेसकडे बोट केलं.

तिथे एक पांढरा गोळा आहे, दोन मुठींएवढा, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला. मी तिसरीत असताना अण्णांनी खडकावरून आणला होता. दर दिवाळीला आई तो पुसायची, आता बायको पुसते. त्याच शोकेससमोर बसून मी नांगरांची बातमी लिहिली होती. पस्तीस वर्षांत तो गोळा मला प्रवाळ म्हणून दिसलाच नाही. अण्णांची आठवण म्हणूनच दिसला.

होडीवाल्याला नाही म्हणायला गेलो तेव्हा त्यानेही सोडलं नाही. "आमी हात लावलो की गुन्हो. नि रातीचो थय उजेड पाडून समुद्र खाली करतत, तेंका कोण विचारता?"

त्याचं बोट क्षितिजाकडे होतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. जनरेटर लावून हजारो वॉटचे दिवे पाण्यावर सोडायचे, मासळी उजेडाला गोळा झाली की पिल्लांसकट जाळ्यात ओढायची. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे. पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी किती मोर्चे काढले ते मी स्वतः कव्हर केलंय. तरी काही रात्री तो उजेड दिसतोच. मी चार महिने एका खोलीत ९० वॉट कसे पडावेत याचा अभ्यास करत होतो आणि समोरच्या समुद्रात कुणी किती वॉट ओततंय याचा हिशेब नाही. प्रवाळ अंडी सोडतं तेसुद्धा चंद्राच्या कलेनुसार. त्यांच्यासाठी रात्रीचा काळोख हा दिवसाच्या उजेडाइतकाच कामाचा आहे.

पण तरी मी दोस्ताला म्हटलं, त्यांचा गुन्हा मोठा म्हणून आपला गुन्हा लहान होत नाही. तो रागावला. आठ दिवस बोलला नाही.

मग भाचा आणि मी पुन्हा हिशेबाला बसलो. पुण्या-मुंबईच्या दोन दुकानांत फोन केले. मऊ प्रवाळं त्या २००१ च्या यादीत नाहीत, म्हणून ती विचारली. कुठून आलं, कागद आहे का, असं विचारल्यावर एकाने फोन ठेवला, दुसरा म्हणाला, "साहेब, कागद मागणारं गिऱ्हाईक पहिलंच." विषय संपला. 'जिवंत दगड' म्हणून जे विकतात तेही बहुतेक वेळा प्रवाळाचेच सांगाडे, तेही नको.

शेवटी टाकीत काय आहे? भाजलेल्या मातीचे दगड आणि टाकीतच पैदास झालेले दोन क्लाउनफिश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचं तंत्र तयार केलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही. आणि माशांना प्रवाळाएवढा उजेड लागतच नाही. ३० वॉटचा साधा दिवा, रोज सहा-सात तास. तो मी घेऊन दिला. दोन हजारांत झालं. हप्ता वाचला.

म्हणून दिवा निवडणाऱ्यांना माझा एकच सल्ला. वॉट, रंग, उंची हे सगळं नंतर. आधी दिव्याखाली काय ठेवणार ते ठरवा, आणि ते कुठून आलं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर दिवा घेऊच नका.

आता सार्वजनिक कामाचं. मला तीन गोष्टी मागायच्या आहेत. एक, जिथे पर्यटक पाण्यात उतरतात तिथे कायमचे बोये बसवा, म्हणजे होड्या त्यांना बांधता येतील आणि नांगर टाकावाच लागणार नाही. नुसता होडीवाल्यांना दम देऊन भागणार नाही, त्यांना सोय द्या. दोन, जेटीवर मराठीत ठळक फलक लावा, पोवळं तोडणं आणि जवळ ठेवणं गुन्हा आहे म्हणून. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे माहीतच नाही. तीन, एलईडीच्या नौकांवर कारवाई झाली की आकडे जाहीर करा. दर महिन्याला, नियमित. लहान माणसाने कायदा पाळावा असं वाटत असेल तर मोठ्यालाही तोच कायदा लागतो हे त्याला दिसलं पाहिजे.

आणि शोकेसचं. मी वन विभागाच्या नावाने अर्ज लिहून दिला आहे. माझ्याकडे असा असा गोळा आहे, वडिलांनी आणलेला, तो ताब्यात घ्या किंवा त्याचं काय करायचं ते सांगा. टेबलावरच्या माणसाने अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "तुम्ही स्वतःहून कशाला आलात?" पोच घेतली आहे. पुढे काय होतं ते इथेच लिहीन, माझ्या विरुद्ध गेलं तरी. बायको म्हणाली, अण्णांना काय वाटलं असतं? मला वाटतं, ते आधी चिडले असते आणि मग स्वतःच पिशवीत घालून घेऊन गेले असते.

भाच्याला नोकरी अजून मिळालेली नाही. पण त्याने एका जुन्या ताटलीवर काळा-पांढरा रंग देऊन तिला वजन आणि खुणा केलेली दोरी बांधली आहे. ही पद्धत दीडशे वर्षांहून जुनी आहे. ताटली पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. पाणी गढूळ असेल तर समुद्रातल्या प्रवाळापर्यंत ऊन पोचत नाही, तिथे कुठला दिवा टांगणार? डोंगर उकरला की माती इथेच येते. गेल्या रविवारी एका जागी अडीच मीटर भरलं, दुसऱ्या जागी चार. दोनच नोंदी आहेत, त्यावरून काही सिद्ध होत नाही. वर्षभर घ्यायच्या म्हणतोय.

होडी कुणाची? त्याच दोस्ताची. नवव्या दिवशी स्वतःच दारात येऊन म्हणाला, "भाचो खय आसा? सुकती लागली."

तुमच्या शोकेसमध्ये काय आहे, तेही एकदा बघा.